कंपालांतील एका विद्यार्थ्याचे रविवार

परदेशीं शिकावयास जाणारा मुलगा म्हटला कीं घरच्या माणसांच्या डोळ्यांपुढें लंडन किंवा न्यू यॉर्क उभें राहतें. युगांडाची राजधानी कंपाला हें नांव त्या यादींत सहसा येत नाहीं. म्हणूनच जळगांव जिल्ह्यांतील एका केळीच्या बागाईतदाराचा मुलगा शेतकीच्या उच्च शिक्षणांतील एका वर्षासाठीं तेथील मकेरेरे विद्यापीठांत जावयाचें म्हणाला, तेव्हां घरांत कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. वस्तुतः मुलाची निवड समंजसपणाची होती. केळें हें ज्या देशाचें रोजचें अन्न, त्या देशावांचून केळीचा अभ्यास अधिक चांगला कोठें व्हावयाचा? शिवाय मकेरेरे ही कांहीं कालची संस्था नव्हे. १९२२ सालीं एक लहानशी उद्योगशाळा म्हणून ती निघाली, आणि पुढें टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ज्युलियस न्येरेरे तेथेंच शिकले. वर्गांत त्या मुलानें काय मिळविलें तें त्याच्या प्रबंधांत येईलच. श्रोत्यांपुढें येथें मांडावयाची आहे ती त्याच्या शनिवार-रविवारांची हकीकत.

पहिले कांहीं शनिवार शहर पाहण्यांतच गेले. कंपाला टेंकड्यांवर वसलें आहे. तेथील प्रवासाचें साधन म्हणजे निळ्या चौकड्यांचा पट्टा असलेली, चौदा उतारूंची पांढरी मोटार. तिला वेळापत्रक नाहीं. ती भरली म्हणजे तिची वेळ झाली. रस्त्याच्या कडेला तव्यावर अंडें फोडून, त्यांत कोबी आणि टोमॅटो घालून तें चपातींत गुंडाळून देतात. ह्या पदार्थाला 'रोलेक्स' असें भारदस्त नांव आहे. घड्याळाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, 'गुंडाळलेलीं अंडीं' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश होय. परंतु चपाती ही चपातीच. आपल्या गांवाकडचा शब्द त्या परक्या तव्यावर भेटल्यावर मुलाला गंमत वाटली आणि तो अशा शब्दांच्या शोधासच लागला. लुगांडा भाषेंत दुकानाला 'एदूका' म्हणतात आणि आगगाडीला 'एगाली योमुक्का', म्हणजे धुराची गाडी.

शब्द आपल्या पायांनीं समुद्र ओलांडीत नाहींत. १८९६ सालीं मोंबासा बंदराहून इंग्रजांनीं लोहमार्ग घालावयास घेतला, तो १९०१ सालीं व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं पोंचला. त्यासाठीं हिंदुस्थानांतून, मुख्यतः पंजाबांतून, सुमारें ३२,००० मजूर नेण्यांत आले. त्यांपैकीं सुमारें २,५०० तेथेंच मेले. रोगराईनें, अपघातांनीं, आणि त्सावोच्या रानांत कांहीं सिंहांच्या तोंडीं पडून. वांचलेल्यांतले बहुतेक मायदेशीं परतले. तेथील दुकानें थाटलीं तीं प्रायः त्यांनीं नव्हे, तर वेगळ्या वाटेनें आलेल्या गुजराथी व्यापाऱ्यांनीं. हा भेद पुस्तकांत सहज समजतो. बाजारांत तो कोणी लक्षांत ठेवीत नाहीं, ह्याचा अनुभव त्या मुलाला लौकरच आला.

एका शनिवारीं तो एका युगांडी वर्गमित्रासह जिंजा येथें गेला. अंतर अवघें ऐंशी किलोमीटर, पण शहराच्या गर्दींतून बाहेर पडावयासच सकाळ संपली. वाटेंत लुगाझीच्या उंसाचे मळे लागतात आणि लगेच माबिराचें घनदाट रान. रानांत मोटार थांबतांच पांढरे डगले घातलेले विक्रेते भाजलेलीं केळीं आणि काडीवर खोंचलेली कोंबडी घेऊन खिडक्यांशीं धांवत येतात. ह्या रानाचा कांहीं भाग तोडून तेथें ऊंस लावण्याचा बेत २००७ सालीं निघाला होता. त्याविरुद्ध कंपालांत निघालेल्या मोर्चाला दंगलीचें रूप आलें, आणि त्या बेताशीं कसलाहि संबंध नसलेल्या एका भारतीय माणसाला जमावानें ठार केलें. बेत पुढें बारगळला. मित्रानें ही गोष्ट भाजलेलें केळें सोलतां सोलतां, खालीं पाहत सांगितली.

जिंजा येथें नाईल नदी सरोवरांतून बाहेर पडते. १८६२ सालीं स्पीक हा इंग्रज प्रवासी तेथें पोंचला, तेव्हां तेथें धबधबा होता. १९५४ सालीं पुढच्या बाजूस धरण झालें आणि तो पाण्याखालीं गेला. आज प्रवाशाला दिसतें तें शांत, रुंद पात्र. त्याच पाण्यांत १९४८ सालीं महात्मा गांधींच्या रक्षेचा कांहीं भाग सोडण्यांत आला. कांठावर त्यांचा अर्धपुतळा आहे. मुलानें पुतळ्याला नमस्कार केला आणि दोघे गांवांत आले. जिंजाच्या मोठ्या रस्त्यावर जुन्या दुमजली इमारतींची रांगच आहे. अनेकींच्या कपाळावर बांधल्याचें साल आणि मालकाचें भारतीय नांव कोरलेलें आहे. मुलगा मान वर करून तीं नांवें वाचीत असतां भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या एका म्हातारीनें त्याला कांहीं विचारलें. मित्र भाषांतर करावयास कांकूं करूं लागला. फारच आग्रह केल्यावर त्यानें सांगितलें, "आजी विचारताहेत, 'अरे हिंदी मुला, ह्यांतलें तुझें दुकान कोणतें?'"

त्या प्रश्नांत द्वेष नव्हता, कांहींशी चौकशीच होती. १९७२ च्या ऑगस्टमध्यें इदी अमीननें आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. हजारों कुटुंबें एकेक पेटी घेऊन बाहेर पडलीं. १९९० नंतरच्या वर्षांत पुष्कळांना मालमत्ता परत मिळाली आणि त्यांतले कांहीं परतलेहि. तेव्हां वर पाहून नांवें वाचणारा भारतीय तरुण म्हणजे कोणा मालकाचा नातू, असें म्हातारीला वाटावें यांत नवल काय? "माझें कांहीं नाहीं," एवढेंच मुलगा म्हणाला आणि शेंगा घेऊन निघाला. परंतु परतीच्या वाटेवर तो फारसा बोलला नाहीं.

सर्वच सुट्या अशा जड गेल्या असें नव्हे. एकदां वर्गांतलीं आठ मुलें मिळून मर्चिसन येथील धबधबा पाहून आलीं. एवढी थोरली नाईल तेथें सुमारें सात मीटर रुंदीच्या खडकाच्या फटींतून स्वतःला कोंबून घेते आणि त्रेचाळीस मीटर खालीं कोसळते. बोलणें ऐकूं येत नाहीं आणि कपडे वाळत नाहींत. ह्या सहलीचा खर्च मात्र महिनाभर पुरला.

पण मुलाच्या आठवणींत खोल रुतली ती मसाकाकडची खेप. मित्राचें घर त्या बाजूच्या एका खेड्यांत. वाटेंत कायाब्वे येथें विषुववृत्त ओलांडावें लागतें. तेथें कांहीं माणसें परातींत पाणी ओतून, तें उत्तरेस एका दिशेनें व दक्षिणेस उलट दिशेनें फिरतें असें दाखवितात आणि पैसे घेतात. पृथ्वीच्या फिरण्याचा असा परिणाम चक्रीवादळावर होतो, हातभर परातीवर नव्हे. ओतणाराचा हात कसा वळतो इकडे लक्ष दिलें म्हणजे पुरे. मुलानें तें ओळखलें, पैसे तरीहि दिले.

घरीं पोंचतांच मित्राच्या आईनें तेथील रीतीप्रमाणें गुडघे टेंकून पाहुण्याचें स्वागत केलें. मुलगा इतका ओशाळला कीं त्यानें वांकून तिच्या पायांना हात लावला. तेव्हां ती दचकली, आणि मग सारें घर हंसलें. जेवणास हिरवीं केळीं सोलून, पानांत बांधून, वाफवून कुस्करलेलीं. वर शेंगदाण्याचें पातळ कालवण. घराच्या चहूं अंगांनीं केळीची बाग, तिला 'लुसुकू' म्हणतात. जळगांवाकडे केळ ही विकण्याची वस्तु. तेथें ती अंगणांतली अन्नपूर्णाच होय.

संध्याकाळीं सत्त्याऐंशी वर्षांचे आजोबा ओसरीवर येऊन बसले. त्यांना सर्वजण 'जाजा' म्हणतात. त्यांनीं कसलाहि आडपडदा न ठेवतां जुन्या गोष्टी काढल्या. शेतकऱ्यानें कापूस पिकवावा आणि सरकी काढण्याच्या गिरण्या व दुकानें हिंदी माणसांच्या हातीं असावींत, असा तो काळ. आपला कापूस आपणच वटूं द्या, ही मागणी १९४९ च्या दंग्यांत होती. तेव्हां जाजा लहान होते. १९५९ सालीं बुगांडांत आशियाई दुकानांवर बहिष्कार पडला, त्यांत त्यांनीं स्वतः भाग घेतला होता. "आणि १९७२ सालीं?" मुलानें धीर करून विचारलें. जाजा म्हणाले, "प्रथम आनंद झाला. दुकानें शिपायांना मिळालीं. मग मीठ गेलें, साखर गेली, साबण गेला. आमच्या शेजारच्या दुकानदाराची मुलगी येथेंच जन्मली होती, तिला आमची भाषा माझ्याइतकीच येई. तीहि गेली." थोडा वेळ थांबून त्यांनीं विचारलें, "मुला, तुमच्या गांवीं केळीं मोजतांना कांटा कोणाच्या हातीं असतो?"

"व्यापाऱ्याच्या," मुलगा म्हणाला.

"आणि तुझे वडील?"

"ते कांट्याकडे बघत उभे असतात."

मित्रानें भाषांतर केलें. म्हातारा इतका हंसला कीं त्याला ठसका लागला. मग त्यानें वडिलांचें नांव विचारलें, बाग किती, पाणी कोठून, घडाला भाव काय, आणि ह्या प्रश्नोत्तरांत रात्र झाली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिघे बागेंत गेले. २००१ पासून युगांडांत केळीवर जिवाणूंमुळें होणारी एक मर रोगासारखी पसरली आहे. कीटक केळफुलावर बसून तिचा प्रसार करतात, म्हणून घड भरतांच केळफूल काढून टाकावें लागतें. आणि तें कोयत्यानें नव्हे, कारण एका झाडाचा रोग कोयता दुसऱ्या झाडाला नेऊन पोंचवितो. हें सारें मुलाच्या वहींत आंकड्यांसह लिहिलेलें होतें. जाजांनीं त्याच्या हातीं एक दुबेळक्याची लांब काठी दिली आणि केळफूल बेचक्यांत धरून मनगटाला हलका पीळ कसा द्यावयाचा तें दाखविलें. पहिलीं चार त्याला नीट जमलीं नाहींत. पांचवें मोडून पायाशीं पडलें. दुपारची मोटार भरेपर्यंत त्यानें बागेची एक बाजू पुरी केली होती.