खरं वाक्य कुणाचं?

(महाड येथे कार्यकर्त्यांच्या लेखन-शिबिरात केलेलं भाषण)



अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाचा एक सल्ला अशा शिबिरांत हमखास ऐकायला मिळतो. लिहिताना अडलात, तर आपल्याला ठाऊक असलेलं सगळ्यांत खरं असं एक वाक्य आधी लिहा. पॅरिसमधल्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल लिहिताना त्याने हे सांगितलं. पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये आलं. एम.एस.डब्ल्यू. करताना मी तो सल्ला वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला होता.

पोलादपूर तालुक्यात कामाला लागले आणि पहिल्याच वर्षी मी खरं वाक्य लिहिलं. डोंगरातल्या वाडीवरची बाई, नवरा मुंबईला, घरी दीर मारतो. नाव बदललं होतं. पण तीन मुली, घरामागची विहीर, शिवणयंत्र, सगळं जसंच्या तसं. अंक कुणीतरी मुंबईला नेला, तिथे गाववाल्यांनी वाचला. अख्ख्या वाडीत शिवणयंत्र एकच होतं! नवरा शिमग्याला आला तो भांडायलाच. तिला दीड महिना माहेरी काढावा लागला. मला एवढंच म्हणाली, "ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं, पेपराला नव्हतं सांगितलं."

हेमिंग्वेचा तेव्हा मला रागच आला. खरं लिहिल्यावर रात्री निजायचं कुठे, हा प्रश्न त्याच्या सल्ल्यात नाहीच. (राग खरं तर स्वतःचा होता.)

मग बेबीताई कांबळे पुन्हा वाचल्या. फलटणला छोटं दुकान चालवत त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं आणि जवळजवळ वीस वर्षं ते कागद घरच्यांपासून लपवून ठेवले. पुढे 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. समाजातल्या सुनांचे हाल त्यात इतके उघडे मांडलेत की वाचवत नाही. स्वतःच्या संसाराबद्दल मात्र फारसं नाही. माया पंडित यांचं इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये आलं, त्यातल्या मुलाखतीत त्या नवऱ्याच्या संशयाबद्दल, मारहाणीबद्दल बोलल्या. मग आधीचं पुस्तक अप्रामाणिक म्हणायचं का? मला मुळीच तसं वाटत नाही. काय सांगायचं आणि कधी, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. माझ्या लेखात ते मी ठरवलं होतं.

उलटी चूकही आपण करतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज लिहिताना बाई सांगते, "जेवायला बसले की भाताचं पातेलं समोरून उचलून नेतो." आपण लिहितो, "मानसिक छळ." कायद्याचा शब्द हवाच, पण पातेलंही हवं. मॅजिस्ट्रेटसमोर ते तिच्या कामाचं आहे.

आता छापायला देण्याआधी मी मजकूर त्या बाईला वाचून दाखवते. एस.टी. चुकते, दिवस मोडतो. गेल्या महिन्यात एकीने अर्धं पान खोडायला लावलं. म्हणाली, "सासू आहे तोवर नको." खोडलं. तेच अर्धं पान फार चांगलं उतरलं होतं.