उपकारस्तुतीचं पाकीट

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला ‘श्रद्धा, चारित्र्य आणि कृतज्ञता’ आणि वेळ दिला दहा मिनिटं. मी पाळक नाही, प्रवचनकारही नाही. पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तपासते. तेव्हा एवढ्या मोठ्या तीन शब्दांच्या वाटेला मी जात नाही. एका पाकिटाबद्दल बोलते.

ज्या मैत्रिणी चर्चला जात नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगते. आमच्याकडे घरात काही चांगलं झालं की रविवारी एका पाकिटात ऐपतीप्रमाणे पैसे घालायचे, वर कारण लिहायचं आणि अर्पणाच्या थैलीत टाकायचं. याला उपकारस्तुतीचं अर्पण म्हणतात. मग पाळकसाहेब ती कारणं मंडळीपुढे वाचून दाखवतात. नातू झाला. ऑपरेशन नीट पार पडलं. म्हैस व्याली. बोअरला पाणी लागलं. लहानपणी उपदेशात मला झोप यायची, पण हे वाचन सुरू झालं की मी टक्क जागी असायचे. सगळ्या गल्लीची बातमी कळायची!

१९९५ च्या फेब्रुवारीत त्यातलं एक पाकीट आमच्या आईचं होतं. ५१ रुपये. ‘मुलगी पूर्वपरीक्षेत शाळेत पहिली आली.’

आता पूर्वपरीक्षेकडे येते. भूमितीचा पेपर पंचाहत्तर गुणांचा होता. बाईंनी तपासलेले पेपर वर्गात वाटले. माझ्या पेपरवर लाल शाईत ६२ लिहिलेलं होतं. वरच्या चौकटीत पाच प्रश्नांचे गुण होते : ११, १३, ९, १२, ७. मी बेरीज केली. ५२ आली. पुन्हा केली, मग बोटांवर केली. ५२च.

बाईंनी विचारलं, “कुणाची बेरीज चुकलीय का गं?” ज्यांचे गुण कमी धरले होते त्या चारपाच जणी टेबलापाशी गेल्या. मी पेपर मिटून बाकावर उलटा ठेवला. चूक बाईंची नव्हती, हे मला आज इथे स्पष्ट सांगायचंय. साठ-सत्तर पेपर रात्री जागून तपासणाऱ्या माणसाची एक बेरीज चुकणारच. म्हणून तर त्या विचारत होत्या.

माझा पहिला नंबर सहा गुणांनी आला. म्हणजे खरं तर मी चार गुणांनी मागे होते, आणि पुढे होती ती माझ्याच बाकावर बसणारी माझी मैत्रीण. निरोप समारंभात ५०१ रुपये आणि एक शब्दकोश मला मिळाला. त्यातले ५१ आईने पाकिटात घातले, बाकीचे अकरावीच्या प्रवेशाला लागले. पाळकसाहेबांनी माझं नाव वाचलं तेव्हा सगळी मंडळी मागे वळून माझ्याकडे बघत होती. मी पायातल्या चपलेकडे बघत होते.

यावर तुम्ही म्हणाल, पंधरा वर्षांची पोर, दहा मार्क, सोडून दे. मीही तीस वर्षं हेच म्हणत आले. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी प्रत्येकाने आपलं मन तपासायचं म्हणून काही क्षण शांतता असते. त्या शांततेत मला नवऱ्यावर केलेली चिडचिड आठवायची, सासूबाईंना दिलेलं उत्तर आठवायचं, ऑफिसात बोललेलं एखादं खोटं आठवायचं. ही बेरीज आठवली की मी पटकन पुढच्या पापाकडे वळायचे. (पापांचीही एक सोयीची यादी असते, हे तेव्हा कळलं.)

आणि गंमत बघा. आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाने एका तरी गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे अशी रीत आहे. त्यात मी कितीदा तरी शाळेसाठी आभार मानलेत, त्या मैत्रिणीचं नाव घेऊनसुद्धा. तिच्या गाईडवर मी वर्षभर अभ्यास केला होता. आमच्याकडे गाईड घ्यायला पैसे नव्हते, ती रोज संध्याकाळी तिचं मला द्यायची आणि सकाळी परत घ्यायची. देवाला मी हे सगळं सांगत होते. तिला मात्र एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्या टीममधला एक मुलगा माझ्याकडे आला. पंचवीस वर्षांचा असेल. आम्ही एका ग्राहकाला नव्या आवृत्तीच्या वेगाचे आकडे दाखवले होते आणि ग्राहक खूश होऊन गेला होता. हा म्हणाला, “मॅडम, ते आकडे मी चुकीचे काढले. एक चाचणी दोनदा मोजली गेलीय. खरा वेग तेवढा नाहीये.” त्याने सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. ज्यांना तोटा होतो ते तक्रार करतात आणि ती चूक सापडते. ज्या चुकीने सगळेच खूश असतात तिची तक्रार कोण करणार? मी त्याला शाबासकी दिली, ग्राहकाला स्वतः फोन केला, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

उठून आजीचं बायबल काढलं. पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर आहे ते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला त्यांनी याच कामात घालवली, १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ छापून निघाला. रोज तपासणीचं काम करणारी मी, ते पुस्तक हातात घेतलं की शब्द न् शब्द तपासत बसलेली ती बाई मला दिसते. त्या रात्री तर तिच्या नजरेला नजर देववेना.

मी जक्कयाची गोष्ट काढली. संडेस्कूलमध्ये आपल्यातल्या कितीतरी जणींनी तिचं नाटुकलं केलंय. बुटका जकातदार, येशूला बघायला झाडावर चढतो. मराठी बायबलात ते झाड उंबराचं असल्यामुळे आम्हाला तो आमच्याच गावचा वाटायचा. येशू त्याच्या घरी जातो आणि जक्कय आनंदाने म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन. इतकी वर्षं मला त्यातला आनंदच दिसत होता. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की चौपट द्यायचं तर कुणाचं किती घेतलं याचा हिशोब माणसाकडे असावा लागतो. गरिबांना अर्धी मालमत्ता देणं त्या मानानं सोपं. फसवलेल्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे अवघड. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर ते तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. म्हणजे आमचं पाकीट तीस वर्षं तिथेच ठेवलेलं होतं.

ग्रुपवरून नंबर घेतला आणि तिला फोन केला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणजे पेपर तपासते! मी सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाली, “मला माहीत होतं गं.”

त्या दिवशी भूमितीचा पेपर सुटल्यावर मी फाटकापाशी रडले होते आणि एक आख्खं प्रमेय सोडल्याचं तिला सांगितलं होतं. मी ते साफ विसरले होते, ती विसरली नव्हती. बासष्ट ऐकल्यावरच तिला शंका आली होती. “मग विचारलं का नाहीस?” म्हटलं, तर म्हणाली, “वाट बघत होते. तू सांगशील असं वाटत होतं. दोनेक वर्षं बघितली वाट. मग पत्रं लिहायचं सोडलं.”

मैत्रिणींनो, आमची पत्रं बंद पडली ती कॉलेजं वेगळी झाल्यामुळे, असं मी इतकी वर्षं समजत होते. नवऱ्यालाही तसंच सांगितलं होतं. दहा मार्कांची खरी किंमत मला त्या फोनवर कळली. ५०१ रुपये हा त्यातला अगदी किरकोळ भाग होता.

तरी मी जक्कयाच्या हिशोबाने २००४ रुपये पाठवते म्हणाले. ती हसली. बाईंसारखं हसली, वर्गात हसतात तसं. म्हणाली, “मला नकोत. माझ्या सातवीच्या पोरांना कंपासपेट्या घेऊन दे. बावीस आहेत.” २००४ मध्ये बावीस चांगल्या पेट्या बसत नाहीत, थोडे वरचे घातले. मागच्या महिन्यात त्या पोहोचल्या. पावती म्हणून तिने बेरजेसकट हिशोब पाठवला. बेरीज बरोबर होती.

आईला मात्र हे सांगायचं राहून गेलं. ती असती तर म्हणाली असती, पाकीट नव्याने घाल. ते मी घातलं, गेल्या पहिल्या रविवारी. कारण काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी नुसतं ‘एका मैत्रिणीबद्दल’ एवढंच लिहिलं. पाळकांनी वाचलं, तेव्हा मी मान वर ठेवून बसले होते.

आज इथे हे बोलायला तिची परवानगी घेतली आहे. नाव घेऊ नकोस, एवढीच तिची अट होती. माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ती आली आहे, या सभागृहातच बसली आहे. आता जेवणाची वेळ झाली. पंगतीत माझ्या शेजारची एक जागा मी रुमाल टाकून धरून ठेवली आहे. कृपया तिथे दुसरं कुणी बसू नका.