घोडनदीच्या उगमापासून समुद्रापर्यंत : सहलीचा आराखडा

(सोसायटीच्या कोजागिरी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठांची एक मोठी सहल काढायची असं ठरलं आणि आराखडा मांडायचं काम माझ्याकडे आलं. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासले, आज स्वतःचा सादर करतोय. तेव्हा शंका काढताना कोणी भीड धरू नका.

कल्पना कुठून आली ते आधी सांगतो. माझी मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. पुढच्या उन्हाळ्यात ऱ्हाईन नदीच्या कडेकडेने, आल्प्सच्या डोंगरापासून समुद्रापर्यंत गाडीने जायचं त्यांच्या मनात आहे, आणि आम्हा दोघांनाही चला म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये ओबरआल्प नावाची खिंड आहे. तिथून पायी गेलं की टोमा नावाचं तळं लागतं, तो ऱ्हाईनचा एक उगम. पुढे कॉन्स्टन्सचं सरोवर, शाफहाउझनचा धबधबा, बाझल, स्ट्रासबर्ग, कोलोन आणि शेवटी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमपाशी समुद्र. नदीची लांबी साधारण 1230 किलोमीटर. गंमत अशी की त्या खिंडीत, 2000 मीटरपेक्षा जास्त उंचीवर, एक लाल दीपस्तंभ उभा केलाय! तिकडे समुद्राच्या तोंडाशी हुक ऑफ हॉलंडला जो दीपस्तंभ होता त्याची ही लहान प्रतिकृती. उगमाशीच शेवटाची खूण करून ठेवली, हे मला फार आवडलं.

मुलीने मला कागदपत्रांची यादी करायला सांगितली. शेंगेन व्हिसा, म्हणजे 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. गाडी चालवायची तर आपल्या आर.टी.ओ.कडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी 40 फ्रँकचं वर्षाचं स्टिकर. हिवाळ्यात ओबरआल्पचा रस्ता बर्फाने बंद, म्हणून उन्हाळाच. हे सगळं वहीत लिहिताना मनात आलं, की ऱ्हाईनचं प्रत्येक वळण आता मला पाठ आहे, पण ज्या नदीवरून आपल्या गावाला घोडनदी म्हणतात तिचं पाणी दौंडच्या पुढे कुठे कुठे जातं, ते मी एकदाही पाहिलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का? हात वर करा. बघा, कोणीच नाही.

आपली घोड आहुपे-भीमाशंकरच्या डोंगररांगेत उगम पावते. आहुप्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण हे पाणी त्या बाजूला पाठ फिरवतं आणि पूर्वेला निघतं. डिंभे धरण, घोडेगाव, मग आपलं शिरूर, चिंचणीचं धरण, इनामगाव. दौंडच्या वरच्या अंगाला ते भीमेला मिळतं, भीमा रायचूरजवळ कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला. रस्त्याने हे सगळं साधारण 1400 किलोमीटर होतं. म्हणजे ऱ्हाईनच्या सहलीपेक्षा आपली सहल काही लहान नाही बरं का!

मी मूळचा इनामगावचा. डेक्कन कॉलेजची मंडळी 1968 पासून तिथे बारा हंगाम खोदत होती, तेव्हा मी कॉलेजात जायच्या वयाचा होतो. त्यांना तीन हजार वर्षांपूर्वीची घरं, धान्याची कोठारं सापडली आणि नदीचं पाणी वळवून घेण्यासाठी काढलेला पाट आणि बांधही सापडला. म्हणजे पाणी अडवायची खोड आपल्या भागाला जुनीच. पुढे बँकेत आल्यावर मी स्वतः कितीतरी विहिरींना, मोटारींना आणि पाइपलाइनींना कर्जं मंजूर केली. वरच्या अंगाला उचललेलं पाणी मला पै-पैशाने माहीत आहे. खाली काय उरतं आणि कोणाच्या वाट्याला जातं, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

आता तारखा. यावर सगळ्यात जास्त वाद झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कार्तिकी एकादशीला पंढरपुरात आपल्याला राहायला जागा मिळणार नाही. कार्तिकी उरकून लगेच निघावं, तर आंध्रच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर हा वादळांचा महिना. 19 नोव्हेंबर 1977 च्या चक्रीवादळात कृष्णेच्या मुखाजवळचा दिवी सीमा हा भाग उद्ध्वस्त झाला, दहा हजारांहून जास्त माणसं गेली. आपल्याला जायचंय ते नेमकं तिथेच. संक्रांतीला सगळा आंध्र गावाकडे निघतो, तेव्हा गाड्या आणि हॉटेलं भरलेली. महाशिवरात्रीला श्रीशैलमला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून संक्रांत उलटल्यावर आणि महाशिवरात्रीच्या बरंच आधी, असा मधला काळ मी धरलाय. त्या दिवसांत भिगवणला रोहित पक्षी आलेले असतात आणि ऊनही सोसवतं.

या तारखांना एकच मोठी अडचण आहे, आणि ती आपल्या बी विंगमधल्या काकूंची आहे. त्यांचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलं. त्यांना पळसनाथाचं देऊळ बघायचंय. ते देऊळ दिसतं उन्हाळ्यात, धरण खाली गेल्यावर. जानेवारीत तिथे नुसतं पाणी. काकू मला म्हणाल्या, "भाऊजी, मला समुद्र नका दाखवू, देऊळ दाखवा." मे महिन्यात 1400 किलोमीटर काढायचे तर रायचूर-कर्नूलच्या उन्हात आपल्यातले निम्मे आजारी पडतील. डॉक्टरांनीही मे नको म्हणून स्पष्ट सांगितलंय. दोन्ही गोष्टी एका सहलीत बसवायचा मी दोन आठवडे प्रयत्न केला. त्या बसत नाहीत. म्हणून पळसदेव मी वेगळं काढलंय. मे महिन्यात एक दिवस पहाटे निघायचं, होडीने देवळाशी जाऊन यायचं आणि ऊन चढायच्या आत परत. त्याचा खर्च मोठ्या सहलीच्या हिशोबातच धरलाय, कोणी वेगळा द्यायचा नाही.

खरं तर हा सगळा रस्ताच पाण्याखाली गेलेल्या गावांचा आहे. डिंभ्याच्या जलाशयात जुनं आंबेगाव गेलं. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते त्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. उजनीत पळसदेव. श्रीशैलमच्या धरणात संगमेश्वराचं देऊळ, तेही पळसनाथासारखं उन्हाळ्यातच वर येतं. नागार्जुनसागरात नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष. तिथे मात्र धरण भरण्याआधी उत्खनन करून बरंच काही वर टेकडीवर हलवलं. ती टेकडी आता बेट झालीय आणि तिथल्या संग्रहालयाला लाँचने जावं लागतं. काकूंना मी तेवढं बघायला तरी चला म्हणून गळ घातलीय.

बाकी मुक्काम थोडक्यात सांगतो, छापील पत्रक मिळेलच. भीमाशंकर, मग इनामगाव, भिगवण, पंढरपूर. पुढे सीना-भीमेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल, तिथे शके 940 चा म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. गाणगापूरला पूर्ण एक दिवस विश्रांती. सन्नतीजवळ अशोकाचं नाव कोरलेलं शिल्प. मग रायचूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा, हंसलदीवी. एकूण अकरा दिवस. भीमाशंकर आणि श्रीशैलम अशी दोन ज्योतिर्लिंगं एकाच वाटेवर येतात, हे ऐकून आमच्या सौ.ने लगेच मंजुरी दिली!

नियम मात्र कडक. होता होईल तो दिवसाला 200 किलोमीटरच्या वर जायचं नाही. रायचूर ते श्रीशैलम हा एकच टप्पा मोठा आहे, म्हणून तो कर्नूलला मुक्काम करून दोन दिवसांत करायचा. दीड तासाने गाडी थांबणार म्हणजे थांबणार, कोणाला गरज असो वा नसो. आपल्या वयात "थांबवा" म्हणायची लाज वाटते, म्हणून ते घड्याळावरच सोपवलंय. अंधारात प्रवास नाही. श्रीशैलमचा जंगलातला रस्ता तसाही रात्री बंद असतो. गाडी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, ऑल इंडिया टुरिस्ट परमिटची, पण माणसं पंधराच घ्यायची. दोन सीट पाय पसरायला मोकळ्या. परत येताना विजयवाड्याहून रेल्वेने, कोणार्क एक्सप्रेस थेट दौंडला सोडते.

पैशाचं बोलतो. माझ्या अंदाजाने माणशी 26 हजार, त्यात पंधरा टक्के अचानक येणाऱ्या खर्चासाठी. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या खात्याला हात लावायचा नाही. वेगळं खातं, दोघांच्या सह्या. आपल्यात काहींना पेन्शन आहे, काहींना नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. म्हणून अशी सोय केलीय : प्रत्येकाने बंद पाकिटात जमेल तेवढी रक्कम द्यायची, 26 पेक्षा कमी किंवा जास्त. पाकीट फक्त खजिनदार उघडतील. कमी पडलं तर सहल दोन दिवसांनी लहान करू, विजयवाड्याहूनच परत फिरू. पण पैशासाठी माणूस गाळायचा नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आत्ताच सांगावं, गाणगापूरला गेल्यावर नको.

आणि मुलांनो, तुम्ही "आई-बाबा, या वयात कशाला" म्हणता, त्यामागची काळजी समजते. तर तुमच्याकडून एवढंच हवंय : औषधांची यादी दोन प्रतींत, डॉक्टरांचं पत्र, आणि रोज संध्याकाळी सात वाजता एकच फोन. दहा नकोत. वाटेत कोणाची तब्येत बिघडली तर परतायचं की थांबायचं हा निर्णय बरोबर येणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा राहील, नवऱ्याचा किंवा बायकोचा नाही. हे सगळ्यांनी लिहून द्यायचं आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत नावं द्या. वही ऑफिसात ठेवलीय. पंधरापैकी सहा नावं आलीत. काकूंचं नाव मी मे महिन्याच्या यादीत आधीच घातलंय, जानेवारीच्या यादीत त्यांची जागा पेन्सिलीने धरून ठेवलीय.