बारावीचा पहिला धडा



बारावीच्या गणिताचा पहिला धडा गणितीय तर्कशास्त्राचा. 'ट्रुथ टेबल करा, हक्काचे मार्क आहेत' असं म्हणत आपण तो उरकतो. आज मला त्या धड्याची बाजू मांडायची आहे.

त्यातली स्विचिंग सर्किट आठवा. स्विचचं चालू-बंद आणि विधानाचं खरं-खोटं यांचं गणित एकच आहे, हे क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता! याचं उदाहरण जवळच आहे. आपल्या पनवेल स्टेशनात हार्बर, दिवा, रोहा, कर्जत अशा चारही बाजूंनी गाड्या येतात. एकमेकींच्या वाटेत येणाऱ्या दोन गाड्यांना एकाच वेळी सिग्नल मिळू नये, हे इंटरलॉकिंग नावाची यंत्रणा पाहते. तिच्या मुळाशी 'आणि', 'किंवा', 'नाही' हेच तीन शब्द आहेत.

आता ट्रुथ टेबलाच्या ओळी मोजा. सूत्रात विधानांसाठी p, q, r अशी तीन अक्षरं असली, तर आठ ओळी. तीस अक्षरांना? शंभर कोटींहून जास्त. मग सगळ्या ओळी न लिहिता, सूत्र एखाद्या तरी ओळीत खरं ठरतं का, हे नेहमीच झटपट सांगणारी रीत आहे का? १९७१ मध्ये स्टीफन कुकने या प्रश्नाचं महत्त्व दाखवून दिलं. अशी रीत आजवर सापडलेली नाही आणि ती असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. उत्तरासाठी क्ले गणित संस्थेचं दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. तुमच्या वहीतल्या टेबलापासून तिथवर सरळ वाट जाते.

तर्कशास्त्राकडे गणितातून जा, संगणकशास्त्रातून जा, नाहीतर तत्त्वज्ञानातून. कला शाखेला तर अकरावीपासून तर्कशास्त्र आहेच. हार्बर लाइनवरच, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. गणित ऑलिम्पियाडचं काम तिथून चालतं. पवईच्या आयआयटीत २०१५ साली तर्कशास्त्राची भारतीय परिषद भरली होती.

पालकहो, तर्कशास्त्राच्या संशोधनात एकेक सिद्धता महिनोन्महिने अडते. मुलगी कोऱ्या कागदासमोर तासभर बसलेली दिसली, तर ती रिकामी बसली आहे असं समजू नका.

आणि मुलांनो, सोमवारी पाच अक्षरांचं एक सूत्र घ्या. ते एखाद्या तरी ओळीत खरं ठरतं का, हे बत्तीस ओळी न लिहिता काढून पाहा. रीत सुचली की सरांना, मॅडमना दाखवा, आणि ती कुठल्या सूत्रावर फसते तेही शोधून काढा.