कमरेवरचं चामडं

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. चामड्याचा कारागीर आहे. धारावीत पोटमाळ्यावर बसून तीस वर्षं आरी चालवतोय. पाकिटं, पट्टे, बॅगा, आणि ऑर्डर आली की होल्स्टर. होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं घर. सिक्युरिटीवाले नेतात, परवानेवाले शेठ नेतात. आमच्या हातचा माल कुणाच्या कमरेला लागतो ते आम्हाला कळत नाही. आमच्या कमरेला लागत नाही, एवढं नक्की.

गेल्या महिन्यात गल्लीतला एक पोरगा माझ्याकडे आला. त्याच्या गावात वरात वेशीतून नेली म्हणून त्याच्या भावाला मारलं होतं. तक्रार लिहून घ्यायला दोन दिवस लावले. पोरानं शर्ट वर केला. पँटीत गावठी कट्टा खोचलेला. म्हणाला, 'काका, याला एक कव्हर शिवून द्या. आता उघड घेऊन गावात जाणार. अमेरिकेतले पँथर फिरायचे तसं.'

म्हटलं, बस खाली. ते कसे फिरायचे ते आधी ऐकून घे. त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

1966 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. पूर्ण नावात 'स्वसंरक्षणासाठी' असा शब्दच होता. याच पँथरचं नाव घेऊन 1972 साली आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे ही गोष्ट परक्याची नाही. ज्या घरातून आपण नाव घेतलं त्या घराची आहे.

काळ्या वस्तीत पोलीस कुणालाही अडवायचे, बडवायचे. न्यूटननं काय केलं? कायद्याचं पुस्तक वाचलं. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला बंदी नव्हती. बंदी होती ती पिस्तूल लपवून नेण्याला. आणि कायद्यात साफ लिहिलं होतं की कमरपट्ट्याच्या होल्स्टरमध्ये उघड दिसणारं शस्त्र हे लपवलेलं शस्त्र नव्हे.

आता हे मी कारागीर म्हणून सांगतो, नीट ऐका. होल्स्टर दोन तऱ्हेचं. एक कमरेला, पट्ट्यावर, कपड्याच्या बाहेर. दुसरं काखेत, कोटाच्या आत. चामडं तेच, शिलाई तीच. पण त्या कायद्यात पहिल्याला हक्क म्हणत आणि दुसऱ्याला गुन्हा. पट्ट्यावरच्या होल्स्टरवर कोट ओढला की हक्काचा गुन्हा झालाच. म्हणून होल्स्टर कुठलं घालायचं ही हौस नव्हती, तो राजकीय निर्णय होता. बॉबी सीलच्या कमरेला पंचेचाळीसचं पिस्तूल असायचं, सगळ्यांना दिसेल असं. न्यूटनला आधीची शिक्षा झालेली, त्यामुळे पिस्तूल चालत नव्हतं. तो शॉटगन घ्यायचा. नळी आभाळाकडे नाहीतर जमिनीकडे, माणसाकडे कधीच नाही. रोखली की गुन्हा. पोलिसांनी रस्त्यात कुणाला धरलं की हे लोक कायद्यानं ठरवलेल्या अंतरावर उभे राहायचे आणि त्या माणसाला त्याचे हक्क मोठ्यानं वाचून दाखवायचे. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पुस्तक. आपण फोटोत फक्त बंदूक बघितली.

चांगलं होल्स्टर म्हणजे काय, हेही सांगतो. घोडा पूर्ण झाकला पाहिजे, कशात अडकून दाबला जाता कामा नये. चामडं ओलं करून त्याच पिस्तुलाच्या मापाच्या फरम्यावर बसवलं पाहिजे, म्हणजे पळताना पडत नाही. तोंड ताठ पाहिजे, म्हणजे एका हातानं परत ठेवता येतं. आणि वर बटणाची पट्टी पाहिजे. का? कारण उघड बाळगलेलं हत्यार जसं तुम्हाला मिळतं तसं पाठीमागच्यालाही मिळतं. अंगठा कुठं लावायचा हे माहीत नसलेल्याला ते ओढून घेता येऊ नये. म्हणजे चांगलं होल्स्टर हत्यार काढण्यापेक्षा हत्यार आवरण्यासाठीच असतं. पँटीत खोचलेल्या कट्ट्याला यातलं काहीच नसतं. तो आधी खोचणाऱ्याचीच मांडी फोडतो.

पुढं काय झालं? व्यवस्थेनं कायदाच बदलायला घेतला. डॉन मल्फर्ड नावाच्या आमदारानं विधेयक आणलं: भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगायची नाही. 2 मे 1967 ला तीसेक पँथर, त्यात बायकाही, उघड्या बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. सीलनं निवेदन वाचलं. कुणावर गोळी झाडली नाही. परतताना पकडले गेले. सीलला त्यापायी तुरुंग भोगावा लागला. आणि 28 जुलैला गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्या विधेयकावर सही केली. मोजा. सत्याऐंशी दिवस! बंदुकीच्या हक्काचा जप करणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशननंही तेव्हा त्या कायद्याला पाठिंबा दिला. गोऱ्याच्या कमरेला होतं तोवर ते स्वातंत्र्य होतं. काळ्याच्या कमरेला आलं आणि ती दहशत झाली.

यात नवल नाही. 1857 साली ड्रेड स्कॉटच्या खटल्यात तिथल्या सरन्यायाधीशानं लिहूनच ठेवलंय, की काळ्यांना नागरिक मानलं तर ते जातील तिथं शस्त्र बाळगतील. भीती बंदुकीची नव्हती, नागरिकाची होती. आणि 2016 साली मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या काळ्या माणसाची गाडी पोलिसानं अडवली. त्यानं सभ्यपणे सांगितलं, माझ्याजवळ पिस्तूल आहे. परवानाही होता. पोलिसानं त्याला गोळ्या घातल्या, आणि 2017 साली तो पोलीस निर्दोष सुटला. परवाना कागदावर असतो रे, कातडीवर नसतो.

आपल्याकडं वेगळं आहे का? महारांची पलटणीतली भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत आपल्या बापजाद्यांनी अर्ज केले. म्हणजे हत्यार चालवता येत नव्हतं असं नाही. 1927 ला महाडात आपल्या माणसांची डोकी फुटली तेव्हा बाबासाहेबांच्या भोवती पलटणीतून आलेले पेन्शनर होते. एका शब्दाची खोटी होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. ही भीती नव्हे. बटणाची पट्टी कधी उघडायची नाही हे त्या माणसाला कळत होतं.

मग हात बांधून बसायचं? मुळीच नाही! न्यूटनचं पुस्तक उचला. 1959 च्या शस्त्र कायद्यानं बिनपरवान्याचा कट्टा म्हणजे सरळ तुरुंग. मारणारा बाहेर राहील आणि मार खाणाऱ्याचा भाऊ आत जाईल, यासारखी चैन गावच्या पाटलाला दुसरी नाही. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे 1995 चे नियम आपल्यातल्या किती जणांनी वाचलेत? हात वर करा. बघा! त्यातला तिसरा नियम वाचा. जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं सरकारनं गरज पडल्यास सवर्णांचे बंदुकीचे परवाने रद्द करून शस्त्रं जमा करून घ्यावीत, बेकायदा शस्त्रं जप्त करावीत, आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यावेत. हे मी म्हणत नाही, सरकारच्या राजपत्रात आहे. सरकार 'गरज' या शब्दाआड लपतं. तो शब्द त्याच्या अंगावरून ओढून काढणं, हे आपलं काम.

मी त्या पोराला कव्हर शिवून दिलं नाही. त्याला वकिलाकडं नेलं. कट्टा बाहेर काढून ये, मग अर्ज लिहू, असं वकिलानं सांगितलं. तो रात्रभर आला नाही. मला झोप नव्हती. सकाळी आला, मोकळ्या कमरेनं. आता जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज दिलाय: ज्यांनी मारलं त्यांच्या घरात परवान्याची बंदूक आहे, ती जमा करा. पोच घेतलीय. उत्तर अजून नाही.

येत्या सोमवारी आम्ही परत जातोय. तो, मी आणि वकील असे तिघेच असलो तर कारकून पुन्हा बाकावर बसवून ठेवील. तुम्ही पन्नास जण आलात तर त्याला नियम तीन मोठ्यानं वाचावा लागेल. होल्स्टर मी कुणालाही शिवून देईन, पैसे टाका. पण ते पुस्तक कुणी शिवून देणार नाही. ते स्वतःच वाचावं लागतं, आणि उघड बाळगावं लागतं.

जय भीम!