श्रद्धा मनापासूनची, पण उत्तर कोणी द्यायचं?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंय. मी मलंगगडाबद्दल बोलतो.

कल्याणच्या पुढे तो गड आहे. वर समाधी एकच. मुसलमान म्हणतात हाजी मलंगबाबांची, हिंदू म्हणतात मच्छिंद्रनाथांची. दोघंही मनापासून मानतात. आणि वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या केतकरांकडे, म्हणजे ब्राह्मण घराण्याकडे! १८१७ साली यावरून तंटा झाला तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्या बाजूची निघाली, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पुढे सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की या जागेला ना हिंदू कायदा लागू, ना मुस्लिम. तिची स्वतःची रूढी आणि विश्वस्तांचा सर्वसाधारण कायदा, एवढंच. समाधी कोणाची, हे न ठरवताही व्यवस्था चालू शकते.

तिथे सगळं गोडीगुलाबीत आहे असं मी म्हणत नाही. माघी पौर्णिमेला बंदोबस्त लागतो, हे आपण पेपरात वाचतोच. पण बंदोबस्त श्रद्धेमुळे लागत नाही. माझी श्रद्धा खरी आहे, म्हणून समोरच्याने बाजूला व्हावं, असं कोणी म्हणू लागलं की लागतो.

आता आपल्या जिन्यापाशी येऊ. फ्लॅट भाड्याने द्यायचा झाला की "आपल्यातलेच बघा हो" असं हळूच सांगितलं जातं. सांगणारी माणसं वाईट नाहीत. घरात देव आहेत, सोवळं आहे, त्यांना खरंच तसं वाटतं. २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, सभासद फक्त पारशीच, हा उपविधी वैध धरला. मला तो निकाल पटत नाही, पण त्यांनी निदान लिहून ठेवलं होतं. आपल्या उपविधीत असं अक्षरही नाही. सगळं तोंडी. त्यामुळे एखादं कुटुंब परत गेलं तर 'नाही' कोणी म्हटलं, हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि कोलशेत मूळचं आगरी-कोळ्यांचं. आपण सगळे इथे उपरेच की!

भाडेकरूंचा विषय वार्षिक सभेत घ्या, अशी माझी सेक्रेटरींना विनंती आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती सही करून लेखी द्यावी आणि त्या अर्जदाराला समोर बसवून वाचून दाखवावी. इतिवृत्तात नोंद करायचं काम मी करीन.