पाणी जोखणे



साहित्याच्या व्यासपीठावर पाण्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या भाषेतच आहे. ‘पैसा पाण्यासारखा खर्च केला’ असे आपण सहज म्हणतो. खजुरी-आळंदच्या कोरडवाहू पट्ट्यात हा वाक्प्रचार शोभत नाही. आपल्या कामाचा दुसरा आहे : ‘पाणी जोखणे’. माणसाची कुवत अजमावणे, असा त्याचा अर्थ. आज मी तो शब्दशः घेणार आहे.

आडावरून पाणी आणणारी बाई रोज पाणी जोखत असे. पोहरा किती हात खाली गेला, यावरून तिला आडाची पातळी कळे. डोक्यावरची घागर पाण्याचे मोल सांगे. म्हणून डाळ-तांदूळ धुतलेले पाणी गुरांपुढे जाई आणि न्हाणीचे केळीच्या बुडाशी. तिला बचतीचा उपदेश कोणी केला नव्हता. तिची मानच हिशेब ठेवत होती. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. नळ आला, मान मोकळी झाली, हे चांगलेच झाले. मात्र ओझ्याबरोबर मापही सुटले.

माप म्हणजे काय, ते आपल्या बिदरने दाखवले आहे. १५व्या शतकात, बहामनी काळात, इराणी तंत्राने नौबादची ‘करेझ’ खोदली गेली. हा २ किलोमीटरहून लांब भुयारी पाट. वर ठिकठिकाणी हवा-उजेडासाठी उभी विवरे. जांभ्या दगडातून मुरलेले पाणी उताराने आपोआप वाहते. ना मोट, ना पंप. भूजल उतरले की धार बारीक होते आणि माणसाला सावध करते. बोअर सावध करत नाही. आपल्या काळ्या मातीखालच्या खडकात पाणी भेगांतच साठते. बटण दाबले की ते वर येते. खाली किती उरले, ते दिसत नाही.

न दिसणारे संपले की काय होते? एप्रिल २०१६मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. माणशी ५० लिटर धरले, तर १० हजार माणसांचा एक दिवस!

याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाऊस मोजला, पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पिके ठरवली. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, हा नियम गावानेच केला.

आपणही घरापासून सुरुवात करू. गळक्या तोटीखाली रात्रभर बादली ठेवा आणि सकाळी मुलांना तांब्याने मोजू द्या. दर महिन्याला विहिरीत दोर सोडून पातळी वहीत लिहा. लिहिणे हे तर आपलेच काम. पाण्याने आपले पाणी जोखण्याआधी आपण त्याचे जोखलेले बरे.